काही होत नाही हो!

आमच्या शेजारच्या चाची गेल्या वर्षी हजला निघाल्या. माझ्या जन्माआधीपासून आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. ईदचा शिरखुर्मा आधी आमच्याकडे यायचा आणि दिवाळीच्या चकल्यांचा पहिला घाणा त्यांच्याकडे जायचा, असा आमचा रिवाज. तेव्हा चाचींना लस टोचायला सरकारी दवाखान्यात घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले यात नवल नाही. चाचांचे गुडघे दुखतात, त्यांनी आपली लस आदल्या दिवशीच रिक्षाने जाऊन उरकली होती.

लस होती मेंदूज्वराची. ती टोचल्याचा दाखला असल्याखेरीज हजला जाता येत नाही. रांगेत उभ्या असताना चाचींनी हळूच विचारले, "काय रे पोरा, याने काही होत तर नाही ना?" मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध पडशापलीकडे नाही. तरीही मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "काही होत नाही हो चाची! मुंगी चावल्यासारखे वाटेल, झाले."

त्या रात्री चाचींना ताप भरला. दंड दुखू लागला, डोके ठणकू लागले, अंग मोडून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सारे ओसरले आणि त्या पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. पण तेवढ्या अवधीत आळीभर बातमी झाली होती. चाचींची नणंद, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, तीही त्याच यात्रेला निघालेली. तिची लस व्हायची होती. तिने मला अंगणात गाठले आणि आवाज खाली आणून विचारले, "दाखल्यावर नुसता शिक्का मारून देतात का रे कुठे? सुई न टोचता?"

मी चाचींकडे पाहिले. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "तू शिकलेला पोरगा. तूच म्हणालास, काही होत नाही."

हा लेख त्या एका वाक्यापायी लिहितो आहे.

आधी रोगाविषयी थोडे. मराठीत आपण ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द दोन-तीन निराळ्या आजारांना सरसकट लावतो, त्यामुळे घोटाळा होतो. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर वेगळा, आणि हा वेगळा. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती जी पातळ आवरणे असतात त्यांना सूज येते, म्हणजे मेनिंजायटिस. अनेक जंतूंमुळे तो होतो. त्यातला मेनिंगोकॉकस हा साथी आणणारा. खोकल्याशिंकेतून, दाटीवाटीच्या सहवासातून तो पसरतो. म्हणूनच बराकी, वसतिगृहे आणि यात्रा ही त्याची आवडती ठिकाणे. उपचार मिळूनही दहांतला सुमारे एक रुग्ण दगावतो, उपचार न मिळाल्यास निम्मे. जे वाचतात त्यांतल्याही पाचांतल्या एकाला काही ना काही कायमचे देऊन जातो: बहिरेपण, फिट्स, कधी हातपाय गमावणे. आपल्या देशात दिल्लीने 1985 साली आणि पुन्हा 2005 साली त्याची साथ पाहिली आहे. हजमध्येही 1987 आणि 2000 साली साथी झाल्या. दुसऱ्या वेळी डब्ल्यू नावाचा गट होता आणि यात्रेकरूंबरोबर तो देशोदेशी पोचला. तेव्हापासून चारही गटांविरुद्धची लस सक्तीची झाली.

या विषयात मी तटस्थ नाही, हे सांगून टाकतो. माझी मामेबहीण दोन वर्षांची असताना तिला मेनिंजायटिस झाला. कोणत्या जंतूने, ते मामाला आज आठवत नाही. त्याला आठवते ते एवढेच, की दवाखान्यातून घरी आणल्यावर मामीच्या हातून पितळी तांब्या फरशीवर पडला आणि पोरीने मान वळवली नाही. आज ती सोळा वर्षांची आहे, उत्तम चित्रे काढते, आणि आम्ही सारी भावंडे तिच्याशी हातवाऱ्यांनी भांडतो. पण तो तांब्या मामीने पुन्हा कधी वापरायला काढला नाही.

म्हणजे लशीचा मी पक्षपातीच. आणि पक्षपाती माणूस जी चूक हमखास करतो तीच माझ्या हातून झाली. आपल्या बाजूचे भले व्हावे म्हणून मी अर्धवट सांगितले.

मग खरे काय सांगायला हवे होते? नंतर ग्रंथालयात बसून आणि आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना छळून मी जे गोळा केले ते असे. ही लस टोचल्यावर पुष्कळांचा दंड दुखतो, लाल होतो. डोके दुखणे, थकवा, अंगदुखी, थोडा ताप हेही चालते. एक-दोन दिवसांत ते जाते. आपल्या वयाच्या मुलामुलींत सुई टोचल्यावर चक्कर येऊन पडण्याचे प्रकार होतात. ते सुईच्या धसक्याने, लशीतल्या द्रव्याने नव्हे. म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला येते. ती लगेच येते आणि तिच्यावर इलाज असतो, बसवून ठेवण्यामागे तेही एक कारण आहे. ‘बी’ गटाविरुद्धची लस तान्ह्या मुलांना जरा जास्त ताप आणते. इंग्लंडने 2015 साली ती बाळांना द्यायला सुरुवात केली तेव्हा पॅरासिटामॉल द्यायला आयांना सांगितले. पाहा, तिथे कोणी ‘काही होत नाही’ म्हटले नाही. ‘ताप येईल, हे औषध जवळ ठेवा’ असे म्हटले.

आणि शंका आली तर? 2005 साली अमेरिकेत मेनॅक्ट्रा ही लस घेतलेल्या काही तरुणांना गिलाँ-बारे हा स्नायू लुळे पाडणारा आजार झाल्याचे आढळले. सरकारी यंत्रणेने ती गोष्ट दडपली नाही. काही रुग्ण आढळताच जाहीर करून टाकली, लशीच्या माहितीत सावधगिरीची सूचना घातली आणि मोजणी सुरू केली. लस घेतलेल्यांत हा आजार इतरांपेक्षा जास्त होतो असे काही मोठ्या पाहण्यांत आढळले नाही, तेव्हा 2010 साली तज्ज्ञ समितीने ती सूचना काढली. उलटही घडले आहे. गालगुंडाच्या लशीतला उराबे नावाचा एक प्रकार क्वचित सौम्य मेनिंजायटिस आणतो हे मोजणीतूनच कळले, आणि 1992 साली ब्रिटनने त्या लशी मागे घेतल्या. माझा विश्वास बसतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. ज्या माणसाने एकदाही ‘माझे चुकले’ म्हटलेले नाही त्याच्या ‘बरोबर आहे’ला मी तरी किंमत देत नाही.

आता आपल्या जवळची एक गोष्ट, जी आपल्या महाविद्यालयात फारच थोड्यांना ठाऊक असेल. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, त्याला मेनिंजायटिसचा पट्टाच म्हणतात. कोरड्या ऋतूत सहाराकडून धुळीचे वारे सुटतात आणि साथी उसळतात. 1996-97 मध्ये तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. ‘ए’ गटाचा जंतू हा त्यातला मुख्य अपराधी. जुन्या लशींचा परिणाम लहान मुलांवर टिकत नसे आणि नवी लस त्या देशांसाठी करायला मोठ्या कंपन्यांना परवडेना. 2001 साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी एक प्रकल्प उभारला. आफ्रिकी देशांनी अट घातली: डोस अर्ध्या डॉलरच्या आत पाहिजे. ही अट स्वीकारली पुण्याच्या हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटने. जंतूच्या कवचातली साखर धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडायची, म्हणजे लहान मुलाचे शरीरही तिला ओळखते, अशी ती रीत. लशीचे नाव मेनआफ्रिव्हॅक. 6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासो देशात ती टोचायला सुरुवात झाली आणि पहिल्याच मोहिमेत एक कोटीवर लोकांनी ती घेतली. ताप, डोकेदुखी, पोट बिघडणे, सारे नोंदवून घेण्यासाठी माणसे नेमली होती. 2017 नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा एकही रुग्ण सिद्ध झालेला नाही. इतर गट अजून आहेत. पाच गटांविरुद्धची नवी लसही पुण्याचीच, 2024 साली नायजेरियाने ती प्रथम वापरली.

हे वाचून छाती फुगते, माझीही फुगली. परंतु त्याच कथेत एक काळे पान आहे, आणि ते न वाचता पुढे जाणे बरे नाही. 1996 च्या त्या साथीत नायजेरियातल्या कानो शहरी फायझर कंपनीने सुमारे दोनशे आजारी मुलांवर एका प्रतिजैविकाची चाचणी घेतली. अकरा मुले दगावली. मरण आजाराने की औषधाने, हा वाद राहिला. कंपनीने दोष मान्य केला नाही. परंतु आईबापांचे म्हणणे होते की हा प्रयोग आहे हे आम्हाला सांगितलेच नाही. पुढे 2009 साली कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. मधल्या काळात काय घडले? 2003 साली कानोने पोलिओची लस नाकारली, आणि आटोक्यात येत चाललेला पोलिओ तिथून शेजारच्या देशांत पसरला. नाकारणाऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही. न सांगता केलेल्या एका गोष्टीची किंमत दुसऱ्याच एका लशीला आणि दुसऱ्याच मुलांना मोजावी लागली.

भीतीही खरीखुरी आजारी पाडते, हे आणखी एक. 2012 च्या अखेरीस चाडमधल्या गुरो गावात लस टोचल्यावर काही मुले डोकेदुखी, उलट्या, झटके अशा तक्रारींनी आजारी पडली. चौकशीत लशीत दोष निघाला नाही. बहुतेकांच्या दुखण्यामागे धसका होता. पण धसक्याने आलेले झटके त्या आईला खोटे कसे वाटावेत? त्यांना हसू नये. आपल्याच महाविद्यालयात परदेशी शिकायला निघालेली एक विद्यार्थिनी ही लस घेऊन दवाखान्याच्या दारात चक्कर येऊन पडली, तेव्हा कँटीनमध्ये तासाभरात तिला लकवा झाला होता! ती दुसऱ्या दिवशी तासाला हजर होती. बातमी मात्र महिनाभर हिंडत राहिली.

मराठीच्या प्राध्यापकांसाठी एक तक्रार इथेच नोंदवतो. ‘साइड इफेक्ट’ला आपण ‘दुष्परिणाम’ म्हणतो. त्या ‘दुष्’मध्ये आधीच निकाल देऊन ठेवलेला आहे. दंड दुखणे हा दुष्परिणाम, आणि लकवा हाही दुष्परिणाम! एकाच शब्दात मुंगी आणि हत्ती बांधल्यावर लोकांनी घाबरावे नाही तर काय करावे? दुसरा चांगला शब्द मला सुचलेला नाही. ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणून पाहिले, तर चाचींनी ‘ते काय असते रे?’ असे विचारले.

असो. मी आपाच्या घरी गेलो आणि तिला सारे सांगितले. हात दुखेल. ताप येऊ शकतो. आला तर ही गोळी घे, भरपूर पाणी पी, दोन दिवस जड काम करू नकोस. पंधरा मिनिटे तिथेच बस. कधी कोणत्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांग. आणि चाचींना मी खोटे बोललो, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे आधी नाही सांगता आले?" पुढच्या मंगळवारी ती स्वतः रिक्षा करून गेली. दाखल्यावर शिक्का बसला तो खरा.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन. आवाजात चांगलीच तक्रार होती. "अरे, तू ताप येतो म्हणालास. मला तर काहीच आले नाही. लस बिघडलेली तर नव्हती ना?"

कोणाला ताप येतो, कोणाला येत नाही, आणि न आला तरी लस लागू होते, हे सांगायचे राहूनच गेले होते. मी सायकल काढली.