डॅक घेण्याआधी चार्जर काढून बघा

मोबाइलमधून हेडफोनचा गोल जॅक गेला आणि घराघरांत एक नवा प्रश्न आला. वायरचा चांगला हेडफोन कपाटात आहे, पण तो लावायचा कुठे? दुकानात विचारलं की उत्तर मिळतं, 'डॅक घ्या.' मग हजार रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंतच्या डब्या समोर येतात. प्रत्येकीवर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ असे आकडे. गोंधळून जाऊ नका, यातले बरेच आकडे तुमच्या कानांसाठी नसतातच.

डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर. मोबाइलमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं आणि हेडफोनला लागते विजेची लहर. आकड्यांपासून ही लहर बनवायचं काम डॅक करतो. तो तुमच्या घरात आधीच आहे: मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये, टीव्हीमध्ये. ब्लूटूथ हेडफोनच्या पोटातही असतो. त्यामुळे ब्लूटूथवरच ऐकत असाल तर वेगळा डॅक घेऊन काहीच फरक पडणार नाही. तुमचे पैसे इथेच वाचले!

लॅपटॉपवर ऐकणाऱ्यांनी आधी एक सोपी परीक्षा करावी. रात्री घर शांत झालं की हेडफोन लावा, गाणं थांबवा आणि आवाज वाढवून नुसतं ऐका. बारीक खरखर किंवा गुणगुण येते का? आता लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली, तर दोष बहुधा चार्जरच्या किंवा घरातल्या अर्थिंगच्या वाटेने येतोय. अशा वेळी महागडा डॅक घेण्याआधी प्लग पॉइंट तपासून घेणं शहाणपणाचं. चार्जर काढूनही खरखर तशीच राहिली, तर मात्र यूएसबीचा छोटा डॅक खरंच कामाला येतो. तानपुऱ्याच्या नादावर हळूच सुरू होणारा आलाप ऐकणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

आता त्या आकड्यांबद्दल. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ घेऊन. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो (वयानुसार तेही कमी होतं), आणि ४४.१ मध्ये ते सगळं मावतं. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. पंखा चालू असलेल्या खोलीत तेवढं पुरून उरतं. जुन्या रेकॉर्डिंगमधली टेपची सळसळही कुठलाच डॅक काढू शकत नाही. उलट चांगल्या हेडफोनवर ती जास्त स्पष्ट ऐकू येते.

खरं बघायचं ते म्हणजे ताकद. साधारण ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन छोट्या डोंगलवर सहज वाजतात. पण सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल, तर त्याला जास्त व्होल्ट लागतात. घरी ऐकण्यासाठी २ व्होल्टच्या आसपास देणारा डोंगल बहुतेक वेळा पुरतो. फक्त ओहमवर जाऊ नका. कमी ओहमचे काही प्लॅनर हेडफोनही भरपूर ताकद खातात, म्हणून सेन्सिटिव्हिटीचा आकडाही वाचा.

टाइप-सीचं अगदी स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेताना आत डॅक आहे ना, हे विचारून घ्या. काहींच्या आत नुसत्या तारा असतात, आणि अनेक फोनवर ते मुके राहतात. अ‍ॅपलचा छोटा डोंगल आवाजाला उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार हळू येतो.

दुकानात दोन डॅक लावून दाखवले, तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जरा मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमीच 'जास्त चांगलं' वाटतं, आणि विक्रेत्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. आवाज सारखा केल्यावर तुम्हाला फरक कळला नाही, तर स्वस्तातला घ्या आणि उरलेले पैसे हेडफोनसाठी ठेवा. खरा फरक तिथे पडतो.

घरात मुलं असतील तर आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या निकषात मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आहे. बाहेरचा डॅक लावल्यावर हेडफोनमध्ये नेमका किती मोठा आवाज होतोय, हे फोनला नीट कळत नाही, त्यामुळे फोनमधल्या इशाऱ्यांवर विसंबू नका. ताकदीचा डॅक-अ‍ॅम्प असेल तर त्याचं बटण आधी शून्यावर आणा, मगच हेडफोन मुलांच्या कानावर द्या.