गिंबल घ्यावा की घेऊ नये?

जयंती मंडळांच्या बैठका सुरू झाल्या की खर्चाच्या यादीत हल्ली एक नवा शब्द हमखास येतो. मंडप, निळे झेंडे, लाईटिंग, भोजनदान असे सारे लिहून झाले, की एखादा तरुण हळूच म्हणतो, "यंदा एक गिंबल घेऊ या का?" वडीलधारी मंडळी एकमेकांकडे बघतात. वस्तू काय आहे हेच ठाऊक नसल्याने कोणी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आमच्याकडेही हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून आजचा मजकूर त्याच वस्तूविषयी.

गिंबल म्हणजे मोबाईल किंवा कॅमेरा धरण्याची, मोटारी बसवलेली मूठ. चांगल्या गिंबलमध्ये तीन लहान मोटारी असतात. आपला हात डावी-उजवीकडे वळला, वर-खाली झुकला किंवा एका बाजूला कलला, की आतले यंत्र ते क्षणात ओळखते आणि त्या त्या दिशेची मोटार फोनला तेवढेच उलट फिरवते. हात हलतो, फोन स्थिर राहतो. एवढेच त्याचे काम.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने १९७० च्या दशकात वजने, स्प्रिंगचा हात आणि अंगावर घालायचे जाकीट यांच्या आधाराने 'स्टेडीकॅम' तयार केला. त्यात स्थिर ठेवणारी मोटार नव्हती. 'रॉकी' या १९७६ च्या चित्रपटात नायक फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर तरंगत वर जातो, ती याच साधनाची करामत. तेव्हा ते फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडे. आज काही हजार रुपयांत त्याचे धाकटे भावंड पिशवीत मावते.

ज्या समाजाचे कार्यक्रम इतरांच्या कॅमेऱ्यांनी फारसे टिपले नाहीत, त्याने स्वतःची नोंद स्वतःच ठेवली पाहिजे, ही गोष्ट आपल्या माणसांना फार पूर्वी कळली होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा लेखक नामदेव व्हटकर यांनी स्वतः खटपट करून ती फिल्मवर टिपून घेतली. आज तो अफाट जनसागर आपल्याला हलत्या चित्रात दिसतो, त्यामागे ही धडपड आहे. त्या काळी फिल्मचा एकेक फूट मोलाचा होता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि मिरवणुकीनंतर गटावर शे-दोनशे क्लिपा येऊन पडतात. त्या बघायला घ्या. जमीन, आकाश, कोणाचे तरी डोके, पुन्हा जमीन. अर्ध्या मिनिटात डोके गरगरते. दोन वर्षांनी त्या कोणी उघडत नाही, आणि फोन भरला की पुसूनही टाकतात.

म्हणजे गिंबल हवाच, असे कोणी म्हणेल. थांबा. आमच्या मते निम्म्या कामांना त्याची गरजच नाही, आणि ती कामेच अधिक निकडीची आहेत.

१९५६ साली नागपूरला आईच्या कडेवर किंवा बापाचे बोट धरून दीक्षेला गेलेली मुले आज सत्तरीच्या पुढे आहेत, ज्यांना तो दिवस नीट आठवतो ती तर ऐंशीच्या घरात. नामांतरासाठी १९७९ साली नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चमध्ये चाललेले तरुण आता आजोबा झाले. नामांतराची झळ सोसलेल्या मराठवाड्यातल्या बायका घरोघरी आहेत, त्यांना कोणी विचारलेलेच नाही. या माणसांचे बोलणे टिपायचे तर गिंबल काय कामाचा? आजी खाटेवर बसून बोलणार, कॅमेरा एका जागी राहणार. तेथे लागतो एक साधा तिपाई स्टँड आणि कॉलरला लावायचा माईक. स्टँड नसेल तर खिडकीच्या कट्ट्यावर तांदळाची पिशवी ठेवून त्यात फोन रोवला तरी चित्र तसूभर हलत नाही. उलट गिंबल हातात घेऊन समोर अर्धा तास बसलात तर हात भरून येईल, आणि मोटारीची बारीक घरघर शांत खोलीत जवळच्या माईकमध्ये उतरू शकते ती वेगळीच. तेव्हा मंडळाकडे पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आधी माईक घ्या. थरथरते चित्र माणूस एकवेळ सोसतो, आजीचे शब्दच कळले नाहीत तर नोंद फुकट गेली.

लग्नाचेही तेच. आपल्या मंगल परिणयात त्रिसरण-पंचशील, वधू-वरांची प्रतिज्ञा, पुष्पहार, एवढाच मुख्य भाग. तो पंधरा-वीस मिनिटांत होतो. व्हिडिओवाला मात्र त्याच वेळी गिंबल घेऊन वधूभोवती घिरट्या घालतो, आणि नंतर त्या चित्राला संथ गती देऊन वर सिनेमाचे गाणे चढवतो. प्रतिज्ञेचा आवाज गेला कोठे? ज्या विधीसाठी वाडवडिलांनी जुनी चाल सोडली, त्याचे शब्दच कॅसेटमधून — आता पेनड्राईव्हमधून म्हणा — गायब. आमची सूचना अशी, की वंदना आणि प्रतिज्ञेच्या वेळी एक फोन स्टँडवर समोर ठेवून अखंड चालू ठेवावा. घिरट्या घालायच्या त्या वऱ्हाड येताना आणि जेवणाच्या पंगतीत घालाव्यात.

मग गिंबल खरा उपयोगी कोठे? जेथे टिपणारा स्वतः चालतो तेथे. जयंतीची मिरवणूक, १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे जाणारी रीघ, गावच्या वस्तीपासून विहारापर्यंतचा रस्ता, दीक्षाभूमीच्या स्तूपाची बाहेरून परिक्रमा, कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या रांगेतून स्तूपाकडे जाणे. येथे हाताने टिपलेले आणि गिंबलने टिपलेले यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. (लेण्यांत जाताना स्टँड-गिंबलची परवानगी आधी दारावर विचारून घ्यावी, आत जाऊन वाद नको.)

घ्यायचे ठरले तर दुकानात जाण्याआधी एक काम घरी करा. अनेक नव्या फोनांत चित्र स्थिर करण्याची सोय आधीच असते. काहींत भिंगच आत हलून थरथर खाते, काहींत यंत्र चित्राच्या कडा कापून मधला भाग सावरून घेते. दिवसाउजेडी ही सोय इतकी चांगली चालते, की गिंबलचे पैसे वाचतील. पण कडा कापल्या जातात म्हणून दृश्य थोडे जवळ आल्यासारखे वाटते, आणि रात्री, जेव्हा आपली मिरवणूक रंगात येते तेव्हा, चित्र जागच्या जागी फुसकटते. तेव्हा आपला फोन घेऊन एकदा दुपारी आणि एकदा रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली शंभर पावले चालून बघा. रात्रीचे चित्र पसंत पडले नाही तरच पुढे जा.

दुसरे म्हणजे फोनचे वजन. कव्हरसकट फोन वाण्याच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून घ्या. प्रत्येक गिंबल किती वजनापर्यंत पेलतो ते खोक्यावर छापलेले असते. वजन जास्त झाले की मोटारी थरथरू लागतात, तापतात, आणि बॅटरी लवकर उतरते. फोनचा गिंबल वेगळा, मोठ्या कॅमेऱ्याचा वेगळा. 'दोन्हीला चालेल' असे विक्रेता म्हणाला तर कॅमेरा बरोबर नेऊन त्याच्यासमोर लावून बघावा. बाजारात सेल्फी-स्टिकसारख्या दिसणाऱ्या स्वस्त काठ्याही 'स्टॅबिलायझर' म्हणून मिळतात. त्यांत पुष्कळदा एकच मोटार असते, ती फक्त कललेली क्षितिजरेषा सरळ करते. चालताना टिपायचे तर तीन अक्षांचाच घ्या. डीजेआय, झियुन, होहेम या नावांचे गिंबल आपल्याकडे सहज मिळतात. नावापेक्षा दुरुस्ती आपल्या शहरात होते का ते विचारणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. काही यंत्रे पहिल्यांदा कंपनीच्या ॲपशी जोडल्याशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा ते जोडणे दुकानातच करून घ्यावे. जुना घेत असाल तर चालू करून टेबलावर दोन मिनिटे ठेवा. फोन आपोआप एका बाजूला सरकू लागला किंवा मूठ गुणगुणू लागली, तर नमस्कार करून परत या.

घरटी एक घेण्याचीही गरज नाही. विहार समितीने अगर महिला बचत गटाने एक घ्यावा, वहीत नाव लिहून ज्याला हवा त्याला द्यावा. नुसते एका दिवसाचे काम असेल तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे भाड्यानेही मिळतो. आणि ही वही पोरांच्याच हाती राहू नये. मूठ साधारण तीनशे-चारशे ग्रॅमची, वर फोन दोनशे ग्रॅमचा, म्हणजे सारे मिळून अर्धा किलोच्या आसपास. मुलींना न पेलण्यासारखे त्यात काही नाही.

किंबहुना हे काम बायकांना अधिक चांगले जमावे, असे आमचे निरीक्षण आहे. कारण गिंबलच्या तीन मोटारी फोनचे वळणे आणि कलणे थोपवतात, पण प्रत्येक पावलागणिक अंग जे वर-खाली होते ते त्यांना थोपवता येत नाही. ते काम गुडघ्यांचे. डोक्यावर दोन हंडे घेऊन विहिरीवरून येणारी बाई आठवा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आधी टाचेवर आणि मग अलगद चवड्यावर, कमरेवरचे अंग स्थिर. थेंब सांडत नाही. ती चाल हीच गिंबलची चाल. तरुणांनी काठोकाठ भरलेला पेला हातात धरून अंगणात चार दिवस चालावे, मग गिंबलला हात लावावा.

वापरताना आधी फोन बसवा, मग चालू करा. गिंबल बंद असताना फोन साधारण आडवा, तोलून राहिला पाहिजे. तो एकीकडे पडत असेल तर पकडीत थोडा सरकवा. हा तोल न साधता चालू केले, की सारा भार मोटारीवर येतो. मिरवणुकीत वळताना मनगट फिरवू नका, कमरेपासून सारे अंग सावकाश फिरवा. प्रत्येक दृश्याच्या आरंभी आणि शेवटी मनात पाच अंक मोजेपर्यंत उभे राहा, जोडणाऱ्याला कात्री लावायला जागा मिळते. चित्रफितीत दिवे लुकलुकताना दिसले तर शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बहुतेक वेळा ते थांबते. आणि एक लक्षात असू द्या, गिंबल फोन स्थिर ठेवतो, माणसांना नाही. अंधारात नाचणारी मुले धूसर येणारच, त्यांना रथाच्या उजेडात येऊ द्या.

मोटारसायकल रॅलीत फोन हँडलला बांधून टिपण्याची हौस मात्र टाळावी. इंजिनच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याचे भिंग सावरणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या फोनविषयी दिला आहे. मागे बसून हातात धरणे बरे, आणि चालवणाऱ्याने टिपायचे नाही हे तर सांगायलाच नको.

६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत गिंबल उंच धरून मागे सरकत चालणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाचा दर्शनाचा क्षण असतो तो. तेथे कडेला उभे राहावे, रांगेत घुसू नये. भन्तेजी वंदना देत असताना समोरून फिरू नये. रडणाऱ्या म्हातारीच्या तोंडासमोर फोन नेण्याआधी तिला विचारावे, आणि ती नको म्हणाली तर खाली घ्यावा.

शेवटी टिपलेल्याची सोय. गटावर पाठवले की चित्र दाबले जाऊन खराब होते, तेव्हा मूळ फाईल राखावी. एक प्रत विहाराच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या कोणाच्या घरी. दृश्य सुरू करताना तोंडाने गाव, तारीख, प्रसंग आणि समोरच्या माणसाचे पूर्ण नाव सांगून ठेवावे. मिरवणुकीत पुढे झेंडा धरणाऱ्या मावशीचेही.