पहिलं पान मोत्यासारखं, बाकी वही कोरी : मावळे रंगवताना सुचलेलं



तुमच्या वर्गात अशी एक तरी वही असेलच. पहिल्या पानावर मोत्यासारखं अक्षर, पट्टीने आखलेला समास, तारखेखाली दोन रेघा. दुसरं पानही बरं असतं. पाचव्या पानापासून अक्षर घसरायला लागतं आणि दहाव्या पानानंतर वही कोरी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाई, ती वही घाण झाली. नवी आणणार आहे."

आपण याला आळस म्हणतो. मीही बरीच वर्षं म्हणत होते. आता मला वाटतं, हा आळस नाही. पहिल्या पानासारखं दुसरं जमणार नाही, ही भीती आहे. आणि ती भीती मुलांना आपणच लावलेली आहे, शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून. हे मला कुठल्या प्रशिक्षणात नाही कळलं. कळलं ते अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यांमुळे!

सतरा राखाडी सांगाडे

माझा मावसभाऊ दोन वर्षं इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला शिकायला होता. वॉरहॅमर हा टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय त्याच शहरात आहे. १९८३ पासून हा खेळ चालत आला आहे. यात फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि आपलं सैन्य पुढे सरकवायचं. सैनिक साधारण २८ मिलिमीटर मापाचे. सांगाडे, राक्षस, बुटके, जादूगार अशी सगळी कल्पनेतली मंडळी. गंमत अशी की हे सैनिक बहुतेक वेळा रंगवलेले मिळत नाहीत. राखाडी प्लॅस्टिकचे तुकडे येतात. ते आपणच जोडायचे आणि आपणच रंगवायचे.

भाऊ परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत वीस सांगाडे होते. तीन रंगवलेले आणि सतरा राखाडी. ते तीन बघून मी थक्क झाले. दात वेगळे, बरगड्या वेगळ्या, तलवारीच्या धारेवर उजेडाची बारीक रेघ. एकेकाला त्याने चार-पाच संध्याकाळी दिल्या होत्या. मी विचारलं, "आणि हे बाकीचे?"

तो म्हणाला, "ताई, या तिघांसारखे जमले पाहिजेत ना. म्हणून दीड वर्ष हातच लावला नाही."

मला हसू आलं आणि लगेच ती वही आठवली. पहिलं पान मोत्यासारखं, बाकी वही कोरी.

वॉश म्हणजे काय?

पुढे एका रविवारी त्याने ते सतराही सांगाडे माझ्यासमोर रंगवले. सकाळी सुरू केलं आणि संध्याकाळच्या चहाला सैन्य तयार! कसं, ते थोडक्यात सांगते.

आधी सगळ्यांना एकदम अस्तराचा हात, म्हणजे प्रायमर. ते वाळल्यावर सगळ्यांना हाडाचा फिकट पिवळसर रंग. मग ढालींना एक रंग, तलवारींना चंदेरी. इथपर्यंत ते खेळण्याच्या दुकानातल्या स्वस्त बाहुल्यांसारखेच दिसत होते, सपाट आणि निर्जीव. मग त्याने तपकिरी वॉश काढला. वॉश म्हणजे खूप पातळ, पारदर्शक रंग. तो सगळ्या अंगावरून सोडायचा. उंचवट्यांवरून तो ओघळतो आणि खाचांमध्ये जाऊन बसतो. बरगड्यांच्या फटीत, डोळ्यांच्या खोबणीत, दातांच्या मध्ये. वाळला की खाचा गडद, उंचवटे फिकट. एवढ्या लहान वस्तूवर खोलीतल्या उजेडाची सावली नीट दिसत नाही, म्हणून सावली रंगवावी लागते. वॉश ती सावली आपोआप जागेवर नेतो.

शेवटी कोरडा ब्रश. फिकट रंगात ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उजळतात. झालं!

रंगवणारे लोक गमतीने वॉशला बाटलीत भरलेलं कौशल्य म्हणतात. यातले दोन वॉश फार प्रसिद्ध आहेत, काळा न्यूल्न ऑइल आणि तपकिरी अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड. पहिल्याच्या नावात ऑइल असलं तरी दोन्ही पाण्यात मिसळणारेच रंग. २०१९ मध्ये त्याच कंपनीने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले. फिकट अस्तरावर त्यांचा एकच हात दिला की रंग आणि सावली दोन्ही एकदम येतात.

मला आणखी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. वॉरहॅमर ४०,००० च्या २०२० च्या नियमांत सामन्याचे जास्तीत जास्त १०० गुण होते आणि त्यातले १० गुण सगळं सैन्य रंगवलेलं असण्याबद्दल होते. किती चांगलं रंगवलंय, हे कुणी बघत नाही. मुख्य भागांना रंग हवा आणि पायाखालची चकती नीट केलेली हवी. याला ते बॅटल रेडी म्हणतात, म्हणजे लढाईला तयार. अत्युत्कृष्ट रंगकामासाठी गोल्डन डेमन नावाची वेगळी स्पर्धा आहे, १९८७ पासून. म्हणजे मोजपट्ट्या दोन आहेत. एक सगळ्यांसाठी, दुसरी ज्याला हौस आहे त्याच्यासाठी.

आपल्या शाळेत मोजपट्टी एकच. प्रत्येक प्रकल्प, प्रत्येक चित्र, प्रत्येक तक्ता जणू अंतिम स्पर्धेलाच चाललाय!

"बाई, हा माझा नाही"

आता माझी चूक सांगते. चौथीला आपण शिवछत्रपती शिकवतो. गणपतीत उरलेल्या शाडूचे मावळे करायचे आणि दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात किल्ला मांडायचा, असा उपक्रम मी दोन वर्षांपूर्वी घेतला. मुलांनी जमेल तसे मावळे केले. कुणाचा वाकडा, कुणाची तलवार पायापेक्षा जाड. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. संध्याकाळी मी एकटी वर्गात बसले आणि सगळ्या मावळ्यांवरून हात फिरवला. नाकं सरळ केली, मिशा काढल्या, रंग सुधारले.

सकाळी एक मुलगी किल्ल्यासमोर उभी राहून शोधत होती. मी तिला तिचा मावळा दाखवला. तिने तो हातात घेऊन बघितला, परत ठेवला आणि म्हणाली, "बाई, हा माझा नाही."

पाहुण्यांनी किल्ल्याचं फार कौतुक केलं. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही. त्या मुलीने पुढच्या कुठल्याच हस्तकलेत फारसा रस घेतला नाही. "तुम्हीच करा ना बाई," एवढंच म्हणायची. तिचं काय चुकलं? तिचं काम चालत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

घरोघरी हेच होतं. प्रकल्प मुलाचा, पण थर्माकोल कापतात बाबा, अक्षर आईचं, सजावट ताईची. मूल बाजूला बसून फेव्हिकॉलच्या बाटलीचं झाकण धरून! आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला गुण आहेत, पण ते नेमके कुणाला दिले, हे आपण सगळे मनातल्या मनात ओळखून असतो.

वर्गात वॉश

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं. मावळे मुलंच रंगवणार, सगळे पूर्ण होणार आणि मी ब्रश हातात घेणार नाही.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. मुलांकडे पोस्टर कलर होते, तेच वापरले. वरून पातळ तपकिरी रंग सोडला तर खालचा रंगही सुटून आला, कारण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो. सगळे मावळे चिखलात लोळून आल्यासारखे. त्यात कच्चा शाडू पाणी पितो, तो वेगळाच प्रकार. दोघा-तिघांच्या हातात तर मावळ्याचा पायच आला. मुलं खो-खो हसली. मीही हसले.

दुसऱ्यांदा नीट केलं. तुम्हाला करायचं असेल तर क्रम असा ठेवा :

१. मावळे सावलीत पूर्ण वाळू द्या. उन्हात ठेवले तर तडे जातात.
२. पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगात थोडा फेव्हिकॉल मिसळून अस्तराचा हात द्या. मग शाडू पाणी ओढत नाही. हा हात पूर्ण वाळायला हवा.
३. मूळ रंग अ‍ॅक्रिलिकचेच घ्या. अंगरखा, पगडी, त्वचा, ढाल. चार-पाच रंग पुरतात. डोळे काढत बसू नका.
४. वॉश घरी करता येतो. तपकिरी अ‍ॅक्रिलिक एक भाग, पाणी पाच-सहा भाग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो आणि रंग खाचेत सहज उतरतो. अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक मीडियम मिळालं तर थोड्या पाण्याऐवजी तेच घाला, डाग कमी पडतात.
५. कुठे थेंब साचला तर ओला असतानाच ब्रशच्या टोकाने उचला. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावायचा नाही. लावलात तर चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग राहतो.
६. वाळल्यावर कोरड्या ब्रशने कडा उजळा.

एकतीस मुलं, प्रत्येकी दोन मावळे. वाळायला लागलेला वेळ सोडला तर चार तासिकांत बासष्ट मावळे तयार झाले. तपकिरी रंगाची एक छोटी बाटली सगळ्यांना पुरली.

"पण हा शॉर्टकट झाला ना?"

एका पालकांनी मला हे तोंडावर विचारलं. "मॅडम, अशाने मुलांना उरकायची सवय लागेल." प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर मुलांनीच मला दाखवून दिलं.

वॉश सपाट जागेवर काम करत नाही. गुळगुळीत अंगरख्यावर तो नुसता डागासारखा दिसतो. त्याला बसायला खाच लागते. पहिल्या फसलेल्या मावळ्यांवर हे मुलांच्या लक्षात आलं होतं. नवे मावळे करताना त्यांनी न सांगता काडेपेटीच्या काडीने पगडीचे पेच कोरले, अंगरख्याच्या चुण्या पाडल्या, मिशीला रेघा दिल्या. का? तर "बाई, इथे रंग जाऊन बसेल." म्हणजे झटपट रंगवण्याची पद्धत कळल्यावर आधीचं काम जास्त बारकाईने झालं. वॉश काही झाकत नाही. तुम्ही जेवढं कोरलंय तेवढंच तो दाखवतो. बाटलीत कौशल्य नसतं, ते काडीच्या टोकाशी असतं.

आणि उरकणं वेगळं, पूर्ण करणं वेगळं. उरकणाऱ्याला वॉश वाळेपर्यंत थांबता येत नाही. माझ्या वर्गातली सगळ्यात चुळबुळी पोरं अर्धा तास हात मागे बांधून मावळ्याकडे बघत बसली होती. एवढी शांतता मी परिपाठालाही पाहिलेली नाही!

मला सुबक कामाचं वावडं नाही. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला आमच्या बाई एकेक टाका उसवायला लावायच्या, त्याचा मला आजही फायदा होतो. ज्या मुलाला त्या वाटेने जायचंय त्याला जरूर जाऊ द्या. गोल्डन डेमनसाठी महिनोन् महिने बसणारे रंगारी अ‍ॅक्रिलिकचे पातळ थर एकावर एक चढवत जातात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण सुरुवात वॉशनेच करतात. पण सुबकपणा ही पुढची पायरी आहे. वीस गोष्टी पूर्ण केलेल्या मुलाचा एकविसाव्या वेळी हात सुधारतो. तीनवर अडकलेल्याचा सुधारत नाही. भावाचेच सांगाडे शेजारी ठेवून बघितले. रविवारी केलेल्या सतरांपैकी शेवटचे पाच पहिल्या पाचांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते.

मला काय म्हणायचंय

शिक्षकांनो, पुढच्या उपक्रमाला 'लढाईला तयार' एवढीच अट ठेवून बघा. काम पूर्ण हवं, स्वतःचं हवं, बस्स. पाहुणे येणार असले तरी संध्याकाळी वर्गाला कुलूप लावून घरी जा. मला माहीत आहे, हे सोपं नाही. गेल्या वर्षीही एका मावळ्याचं तिरकं नाक बघून माझे हात शिवशिवले होते.

पालकहो, दिवाळीत किल्ल्यावर चित्रं मांडाल तेव्हा बाजारातल्या देखण्या महाराजांना सिंहासनावर बसवा, पण खालच्या पायऱ्यांवर एक तरी मावळा तुमच्या मुलाने रंगवलेला असू द्या. तो वाकडा असेल तर वाकडाच राहू द्या.

ती मुलगी आता सहावीत आहे. यंदा सुट्टीआधी ती आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. नव्या चौथीचे मावळे वाळत ठेवले होते. थोडा वेळ बघून म्हणाली, "बाई, मला पण एक द्याल? मीच रंगवणार."

दिला. वॉशची बाटलीही दिली. ती व्हरांड्यात बसली होती, मी बघायला गेले नाही.