कुलूपबंद यंत्रशक्ती

जानेवारी २०२२ मध्ये आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे यंत्र बसवून तिला समुद्रात सोडण्यात आले. कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्या या उपक्रमात तिला ‘सावनी’ हे नाव मिळाले. किनारा सोडल्यानंतर ती कोठे गेली, हे नकाशावरील ठिपक्यांनी सांगितले. खोल समुद्रातील तो प्रवास कोणत्याही कॅमेऱ्याने टिपलेला नाही. तो लोकांना दाखवावयाचा तर चित्रे हलती करूनच, म्हणजे ॲनिमेशनने, दाखवावा लागेल. हे काम आंजर्ल्यातीलच एखाद्या विद्यार्थ्याने करावयाचे मनावर घेतले, तर त्याला काय लागेल?

आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, ही आता अडचण उरलेली नाही. ‘ब्लेंडर’ ही या कामाची उत्तम आज्ञावली २००२ साली लोकवर्गणीतून मुक्त झाली. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले आणि तिचे हक्क सर्वांसाठी खुले झाले. अडचण आहे ती यंत्रशक्तीची. एका सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका मिनिटाच्या ॲनिमेशनला १,४४० चौकटी लागतात. एक चौकट पूर्ण व्हावयास साध्या संगणकावर पाच मिनिटे धरली, तरी १२० तास, म्हणजे अखंड पाच दिवस लागतील. ज्या गावाने जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दीर्घकाळ अंधार सोसला, तेथे पाच दिवस अखंड विजेची हमी कोणी द्यावी? परंतु हेच काम तशाच ३० संगणकांवर वाटून दिले, तर ते चार तासांत, एका रात्रीत पुरे होते.

असे ३० संगणक एका खोलीत असलेली महाविद्यालये व तंत्रनिकेतने महाराष्ट्रात थोडी नाहीत. सायंकाळी त्या खोल्यांना कुलूप लागते. रात्र, रविवार, दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी एवढा काळ यंत्रे स्वस्थ बसतात. त्यांची किंमत मात्र वापर होवो वा न होवो, घटतच राहते. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील स्थिर खर्च तो हाच. तो एकदा झाला की जादा वापराचा खर्च उरतो तो वीज, झीज आणि देखरेख यांचा. प्रत्येक संगणक ३०० वॅट घेतो असे मानल्यास त्या एका रात्रीच्या कामाला ३६ युनिट वीज लागेल. युनिटला १० रुपये धरले तरी हा खर्च ३६० रुपयांच्या वर जात नाही.

ही कल्पना नवी नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा त्याचा वेळ देशातील इतर संस्थांच्या संशोधकांनाही दिला जात असे. देशात संगणकच मोजके असल्यामुळे वाटून वापरणे हाच शहाणपणा होता. आज यंत्रे घरोघर झाली आणि वाटून वापरण्याची सवय मात्र सुटली. परदेशांतील हौशी कलावंतांनी ती पुन्हा धरली आहे. ‘शीपइट’ या व्यवस्थेत आपला रिकामा संगणक दुसऱ्याच्या चौकटींसाठी द्यावयाचा, त्याबद्दल गुण मिळवावयाचे आणि आपल्या कामाच्या वेळी ते खर्चावयाचे. कोकणातील शेतकऱ्याला ही सावड समजावून सांगावी लागणार नाही.

मग अडते कोठे? पहिली अडचण करारनाम्याची. शैक्षणिक सवलतीत घेतलेल्या अनेक आज्ञावली संस्थेबाहेरच्या माणसाला वापरू देण्यास मनाई असते. काहींचा परवाना तर नाव नोंदविलेल्या एकाच व्यक्तीपुरता असतो. यंत्र आपले, पण त्यातील आज्ञावली उसनी देता येत नाही, अशी ही अवस्था आहे. ही अट मोडावी असे कोणी सुचविणार नाही. परंतु सार्वजनिक पैशाने खरेदी करताना ती वाचली जावी आणि जेथे मुक्त आज्ञावली पुरेशी आहे तेथे तिलाच अग्रक्रम मिळावा, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

दुसरी अडचण दळणवळणाची. चित्रित केलेली १०० गिगाबाइट फीत सेकंदाला १० मेगाबिट वेगाने पाठवावयाची तर २२ तासांहून अधिक वेळ जातो. तिच्यासाठी तबकडी घेऊन एस.टी.ने दापोली गाठणे अधिक सोयीचे. ॲनिमेशनचे तसे नाही. तेथे पाठवावयाची माहिती बहुधा थोडी आणि गणित प्रचंड असते. म्हणून सरसकट सारे काम दूरस्थ यंत्रांवर टाकण्यापेक्षा प्रारंभ ॲनिमेशनपासून करणे योग्य.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. संस्थांनी नाममात्र दरात यंत्रे दिली, तर कर्ज काढून छोटा स्टुडिओ चालविणाऱ्याने काय करावे? हा आक्षेप हसण्यावारी नेता कामा नये. त्यावर उपाय मर्यादेचा आहे. ही सोय विद्यार्थी, शाळा, ग्रामपंचायती व निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या संस्था यांच्यापुरतीच असावी आणि धंदेवाईक कामाला तीत प्रवेश नसावा. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांचा हक्क पहिला, बाहेरच्यांचा नंतर. आलेल्या प्रत्येक कामाची नोंद व्हावी. वीज आणि देखरेख यांचा खर्च वसूल व्हावा. फुकट दिलेल्या वस्तूची निगा कोणी राखत नाही, हा सार्वजनिक नळकोंडाळ्यांचा अनुभव विसरता येणार नाही.

यंत्रे खुली केल्याने कलावंत आपोआप निर्माण होतील, असा भाबडा समजही नसावा. शिकविणारा नसेल तर रिकाम्या यंत्रांना नुसता दरवाजा उघडून काय उपयोग? पण शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाला केवळ यंत्रासाठी मुंबईची खोली भाड्याने घ्यावी लागावी, आणि त्याच्याच जिल्ह्यात सरकारी खर्चाची यंत्रे रात्रभर बंद असावीत, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणारा नाही.

विद्यापीठाने यासाठी मोठी योजना आखण्याची गरज नाही. एक प्रयोगशाळा, एक सत्र आणि मुक्त आज्ञावली एवढ्यावर प्रारंभ करावा. सत्राअखेर किती कामे आली, किती पुरी झाली, वीज किती लागली आणि कोणती यंत्रे बिघडली, याचा हिशेब जाहीर करावा. पुढील निर्णय त्या आकड्यांवर सोपविता येईल.