'शिरला' या क्रियापदाविषयी

बिबट्याविषयीच्या मराठी बातम्यांतली क्रियापदे वर्षानुवर्षे ठरून गेलेली आहेत. बिबट्या नागरी वस्तीत 'शिरतो', सोसायटीत 'घुसतो', तिथे 'धुमाकूळ घालतो' आणि अखेरीस 'जेरबंद होतो'. बातमीदार बदलतात, गावे बदलतात, क्रियापदे तीच राहतात. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये, दैनिकाची भाषा साच्यांवरच चालते. परंतु साच्यात केवळ आळस नसतो, एक गृहीतकही दडलेले असते. 'शिरणे' या क्रियेला एक आत लागते, एक बाहेर लागते, आणि या दोहोंमध्ये उंबरठा लागतो. आत माणसे, बाहेर जंगल. उंबरठा ओलांडणारा अर्थातच गुन्हेगार. हे गृहीतक खरे आहे काय, असा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारल्याचे मला आढळले नाही. तो विचारला विद्या अत्रेय या वन्यजीव अभ्यासकांनी, आणि त्याचे उत्तर त्यांनी जंगलात नव्हे, तर उसाच्या फडांत शोधले.

प्रकरण जुन्नरपासून सुरू होते. धरणांचे पाणी आले, ऊस आला, आणि उसाच्या दाट आडोशाला बिबट्याची मादी पिले वाढवू लागली. बिबटे दिसू लागले तशी ते पकडून नेण्याची मागणी वाढली. २००१ पासून पिंजरे लागले आणि पकडलेले बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूरच्या जंगलात नेऊन सोडण्यात आले. योजना सद्हेतूने आखलेली होती आणि तिचे तर्कशास्त्र निर्दोष वाटत होते : प्राणी जंगलाचा आहे, वाट चुकून इकडे आला आहे, त्याला त्याच्या घरी पोहोचवा. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेचा हिशेब मांडला. 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ होती. स्थलांतराची योजना सुरू झाल्यानंतर ती १७ वर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. बिबटे जिथे नेऊन सोडले, त्या जागांच्या आसपासही माणसांवर हल्ले झाले.

कारण उघड आहे. निदान आता उघड वाटते. बिबट्या हा स्वतःचा मुलूख राखणारा प्राणी. त्याला उचलले की रिकाम्या जागेत दुसरा येतो, बहुधा तरुण आणि अननुभवी. उचललेला बिबट्या पिंजऱ्यातली दहशत सोसून अनोळखी मुलखात सोडला जातो. तिथे दुसऱ्यांचे मुलूख आखलेले असतात, पाणवठे ठाऊक नसतात, आणि तो आपल्या घराच्या दिशेने निघतो. ते घर म्हणजे ऊस. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या हल्ल्यांनी २००४ साली कळस गाठला, तेव्हा तिथेही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांचा प्रश्न पुढे आला होता.

मला यातला भाषेचा भाग महत्त्वाचा वाटतो. पिंजरा लावणाऱ्यांपैकी कोणी दुष्ट नव्हते. त्यांनी एका वाक्याची अंमलबजावणी केली, इतकेच. 'बिबट्या वस्तीत शिरला' असे म्हटले की 'त्याला परत जंगलात सोडा' हे त्याच वाक्याचे उत्तरार्ध होऊन येते. शब्दांमुळे काय बिघडते, असे साहित्याच्या विद्यार्थ्यांना अनेकदा ऐकवले जाते, आणि आपणही वर्गात त्याचे उत्तर कवितेच्या आधाराने, जरा अवघडून देतो. इथे ते उत्तर ४ आणि १७ या आकड्यांत उभे आहे.

पुढचे काम अकोले तालुक्यातले. अभ्यासाचे क्षेत्र १७९ चौरस किलोमीटर, दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे, आणि ज्याला रूढ अर्थाने जंगल म्हणावे असे काही नाही. कॅमेरा ट्रॅप लावले गेले. २०१३ साली 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या निबंधात निष्कर्ष आहे तो असा : दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि ५ तरस. संरक्षित अरण्यालाही कमीपणा आणणारे हे आकडे नाहीत. शिवाय कॅमेऱ्यांत उमटले रानमांजर, कोल्हा, खोकड, मुंगूस, उदमांजराच्या कुळातली कस्तुरी मांजर, आणि वाघाटी. वाघाटी म्हणजे आकाराने घरच्या मांजरीहूनही लहान रानटी मांजर. मराठीने मात्र तिला वाघाच्या घरात जागा दिली आहे. प्राण्यांच्या या यादीच्या शेवटी, निबंधाच्या सारांशातच, निरनिराळ्या व्यवसायांची माणसेही येतात. म्हणजे ज्या पायवाटेने संध्याकाळी माणसे घरी परततात, त्याच पायवाटेने रात्री बिबट्या जातो. शास्त्रीय निबंधाच्या सारांशात सहसा विनोद नसतो, पण या ओळीत तो आहे असे मला वाटते, आणि तो हेतुपुरस्सर आहे.

बिबटे तिथे खात काय होते? विष्ठेच्या विश्लेषणावरून असे दिसले की त्यांच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही त्या रात्री बंदिस्त असतात, कुत्रा मोकळा असतो. त्या कुत्र्याला पोसतो तो आपला कचरा. तेव्हा जैवविविधतेचा नकाशा काढायचा तर अरण्याच्या हिरव्या रंगाबरोबर उकिरड्याचाही रंग ठरवावा लागेल.

या संशोधनातली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट 'आजोबा'ची. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून, माळशेज घाटात सोडण्यात आला. सुमारे महिन्याभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने महामार्ग ओलांडला, कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडला. माणसावर त्याने हल्ला केला नाही. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेने तो मेला. सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्यावर चित्रपट केला. चित्रपटाचे गुणदोष बाजूला ठेवू. या कथेतली मला मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा भूगोल. कुर्ला स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले की 'कसारा' हे नाव दिवसातून कितीदा तरी फलकावर येते. आपल्या लेखी ते गाडीच्या गर्दीचे एक मोजमाप आहे. उपनगरी रेल्वेचे शेवटचे टोक आणि एका बिबट्याच्या वाटेतला मधला टप्पा हे एकच ठिकाण आहे, हे कळायला त्याच्या गळ्यात यंत्र बांधावे लागले.

कुर्ल्याचे नाव निघालेच आहे, तर थोडे तिथे थांबू. हे नाव 'कुर्ली' म्हणजे खेकडा या शब्दावरून आले असे सांगितले जाते. दलदल, खाजण आणि त्यातले खेकडे, ही या गावाची ओळख एकेकाळी त्याच्या नावापुरती तरी टिकण्याइतकी ठळक असली पाहिजे. आज नाव उरले आहे. पश्चिमेच्या खाजणावर भर पडून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले; त्या संकुलाच्या नावातही खेकडा आहे, पण तो कोणाला दिसत नाही. कुर्ल्यातून मिठी नदी वाहते. ती विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघते, आणि विहार तलाव राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे. म्हणजे ज्या डोंगरांत बिबट्या राहतो, तिथलेच पाणी कुर्ल्यात येते आणि पुढे माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुर्ल्यातल्या वस्त्या बुडाल्या. तेव्हा आपण काय म्हटले? घरांत पाणी 'शिरले'. पुन्हा तेच क्रियापद. नदी होती तिथेच होती. अरुंद झाले होते ते तिचे पात्र, भरली गेली होती ती तिची खाजणे. त्याआधी मिठीला नदी म्हणावे हेही शहरातल्या अनेकांच्या गावी नव्हते, ती 'नाला' होती. उंबरठा कोणी ओलांडला, हा प्रश्न व्याकरणाने आधीच सोडवून टाकला होता.

आता साहित्याकडे. मराठीत अरण्यवाचनाची परंपरा समृद्ध आहे आणि मारुती चितमपल्लींसारख्या लेखकांनी नुसत्या नावांचा जो साठा करून ठेवला, त्याचे ऋण मोठे आहे. तरीही या परंपरेचा मुख्य प्रवाह अरण्याला 'जावे लागते' असे मानणारा आहे. लेखक शहर सोडतो, अरण्यात जातो, समृद्ध होऊन परततो. दुसरीकडे कॉर्बेटच्या अनुवादांतून 'नरभक्षक' हा शब्द आपल्या कल्पनाशक्तीत असा रुजला की माणसाच्या शेजारी राहूनही त्याला न खाणारा बिबट्या ही कल्पना कथेला पेलवतच नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' हा अपवाद मला मोठा वाटतो. वानरांच्या टोळीचे वर्तन अभ्यासकाच्या डोळ्यांनी पाहून तिथे कथानक उभे राहते, आणि १९८३ साली त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. परंतु त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही. अकोल्याच्या कॅमेऱ्यांनी दाखवलेला मिश्र मुलूख, ऊस, वस्ती, कुत्री, तरस आणि रात्री दुचाकीवरून परतणारा माणूस, हा मराठी कादंबरीचा मुलूख अद्याप झालेला नाही. ग्रामीण साहित्यातही नाही, याचे अधिक आश्चर्य वाटते.

लोकपरंपरेत मात्र तो आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वारली समाजाची वाघोबाची १५० हून अधिक ठाणी अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ च्या एका निबंधात नोंदवली आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळणारे समाज अकोल्यातही आहेत. याला 'निसर्गाशी सुसंवाद' म्हणून भाबडेपणाने मिरवण्याची आपली सवय आहे, ती टाळायला हवी. वाघोबाला नैवेद्य दाखवणारा माणूस वाघाला भितो. त्याच्या दृष्टीने वाघोबा हा बलिष्ठ शेजारी आहे, त्याच्याशी करार करावा लागतो आणि दर वर्षी तो नवा करावा लागतो. या करारात आत-बाहेर नाही. 'शिरला' हे क्रियापद तिथे चालणार नाही. 'आला', 'गेला', फार तर 'बसला होता'.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. सहजीवनाची भाषा सोपी कोणाला? ज्याच्या घराला भक्कम दार आहे त्याला. आरे वसाहतीत २०२२ च्या दिवाळीत एक लहान मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लागोपाठ मृत्यू झाले, लोक महामार्गावर उतरले, आणि बिबटे उचलून दूर नेण्याची मागणी पुन्हा ऐकू आली. ज्या आईचे मूल गेले तिच्यापुढे क्रियापदांची चिकित्सा घेऊन जाणे ही क्रूर चेष्टा होईल. ही चिकित्सा तिच्यासाठी नाहीच. ती बातमी लिहिणाऱ्यासाठी आहे, निर्णय घेणाऱ्यासाठी आहे, आणि आपल्यासारख्या, सुरक्षित अंतरावरून वाचणाऱ्यांसाठी आहे. कारण पिंजरा लागल्याचे समाधान आपल्याला मिळते, आणि रिकाम्या मुलखात आलेल्या नव्या बिबट्याशी गाठ पुन्हा त्याच गावाची पडते.

अत्रेय यांनी हे ओळखले होते असे दिसते. २०११ मध्ये वनविभागाबरोबर 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा त्यात पत्रकारांसाठी कार्यशाळा होत्या. मुंबईतल्या वृत्तपत्रांनी बिबट्याचे चित्रण कसे केले, याचा आशयविश्लेषणाच्या पद्धतीने केलेला अभ्यासही २०१३ साली प्रसिद्ध झाला; त्याच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. म्हणजे जे काम वास्तविक मराठी विभागांतल्या शैलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे, ते प्राण्यांच्या अभ्यासकांनी केले. बातम्यांची कात्रणे ग्रंथालयांत पडून आहेत. जुन्नरच्या, नाशिकच्या, ठाण्याच्या स्थानिक वृत्तपत्रांची तर कोणी चाळलेलीही नसावीत. पीएच.डी.च्या विषयांच्या टंचाईबद्दल दर वर्षी ऐकू येते, तेव्हा ही कात्रणे आठवतात.

आणि आरेतल्या पाड्यांचे काय? तिथल्या मागण्यांत कुठेही 'निसर्ग' हा शब्द येत नाही. घराजवळ संडास हवा, म्हणजे अंधारात मुलाला झाडीत बसवावे लागणार नाही. वाटेवर दिवा हवा. कचरा रोज उचलला जावा, म्हणजे कुत्री जमणार नाहीत. बिबट्याच्या अभ्यासकांनी सुचवलेले उपायही जवळपास हेच आहेत.