मिस्त्री उद्या येतो

माझे स्पष्ट मत आहे, आणि ते काउंटरच्या काचेआडून नव्हे तर उघड्यावर येऊन मांडायची माझी तयारी आहे: ज्या नागपूरकराला आपल्या घरचा कूलर स्वतः लावता येत नाही, त्याने ड्रिल मशीन विकत घेऊ नये.

हे बोलायची पाळी आली, कारण आमच्या शाखेत सध्या 'घरचे काम घरीच' या पंथाची साथ आली आहे. या पंथाची दीक्षा ड्रिल मशीनने होते. आधी मशीन येते, मग भिंतीला भोके पडतात, भोकांना काही कारण हवे म्हणून फळी लागते, आणि फळीवर ठेवायला काहीच नसल्यामुळे तिच्यावर ड्रिलची पेटी ठेवली जाते. कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणारी खाती मी रोज पाहतो. त्यांची तऱ्हा याहून वेगळी नसते.

आणि याच गृहस्थांचा पत्र्याचा कूलर होळीपासून गॅलरीत उघडाबोडका उभा! विचारावे तर उत्तर ठरलेले: "मिस्त्री उद्या येतो म्हणाला." मिस्त्रीचा 'उद्या' काय असतो हे मला विचारा. मी बँकेत आहे.

मार्चच्या एका रविवारी मी टाकी घासत बसलो होतो, तर वरच्या मजल्यावरचे काका जिन्यातच थांबले. "काहो भाऊ, तुम्ही बी.कॉम. झालेला माणूस, अन् कूलर घासून राहिले? मिस्त्रीले सांगा ना!" काकांचा दोष नाही. आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि शिक्षण हातांच्या कामातून द्यावे असे गांधीजींनी तिथे मांडले. नई तालीम ती हीच. ती वर्ध्याहून निघाली खरी, पण आमच्या जिन्यापर्यंत काही पोहोचली नाही.

या गावात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मेमध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ सुद्धा दाखवले. मागाहून हवामान खात्याने तो यंत्राचा दोष ठरवला. आम्हाला मात्र दोन दिवस मोठा अभिमान वाटला.) अशा गावी नवशिक्याने श्रीगणेशा कूलरवरच गिरवावा. त्याला हत्यारे लागतात ती पाना, पेचकस, काथ्याचा ब्रश आणि टाचणी. होय, टाचणी! पंपाचे पाणी ताट्यांवर सोडणाऱ्या नळीची भोके क्षाराने बुजतात, ती टाचणीने मोकळी होतात. कारकुनाला याहून घरचे हत्यार कोणते द्यायचे? जुने वुडवूल पांढरे, कडक झाले असेल तर फेकावे आणि नवे किंवा वाळा सारखा पसरून भरावा. विरळ जागा राहिली की तिथून गरम हवा सरळ आत घुसते. कूलर खिडकीबाहेर ठेवावा आणि समोरचे दार किलकिले ठेवावे. पाण्याची वाफ होते म्हणून हवा थंड होते. खोली बंद करून बसलात, तर ओलसर हवा कोंडून अंग चिकट होणार आणि दोष कंपनीला मिळणार.

आता थट्टा बाजूला ठेवतो. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ती चार ओळींची बातमी येते: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. कधी ती गृहिणी असते, कधी ओल्या फरशीवर खेळणारे पोर. पंपाची वायर कुठेतरी सोललेली असते आणि अर्थिंगची तार तुटलेली किंवा मुळातच जोडलेली नसते. मग पाण्यातून अख्ख्या पत्र्यात वीज उतरते. म्हणून पाणी भरण्याआधी प्लगच उपसून काढायचा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वायरिंग उलटसुलट असेल तर बटण बंद असूनही वीज आत खेळत असते. अर्थिंग तपासणे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी बसवणे हे काम परवानाधारक वायरमनचे. तिथे बी.कॉम.ने हात घालू नये. ड्रिलला पैसे निघतात आणि या डबीला निघत नाहीत, हा माझा खरा राग आहे. घरातली बाई रोज बादली घेऊन त्या पत्र्याजवळ जाते, हे कोणत्या खात्यात लिहिता तुम्ही?

दुसरा शत्रू तसाच, फक्त आकाराने लहान. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासली की त्याचा हिशेब मिटतो. नुसते पाणी ओतून देणे हा पोकळ देखावा आहे. अंडी पाण्याच्या रेघेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पावसाळ्यात कूलर गुंडाळून ठेवणाऱ्यांनी ती न घासता ठेवली, तर पुढच्या वर्षीसाठी केलेली ती मुदत ठेवच, व्याजासकट.

हे सगळे सलग दोन उन्हाळे करून दाखवा, मग खुशाल ड्रिल घ्या. फक्त दुपारी दोन ते चार चालवू नका. भिंतीपलीकडे मी झोपलेला असतो.