शिंगूचे पाणी कोणाचे?

ब्राझीलमधील शिंगू नदीवरच्या बेलो मोंते प्रकल्पाचे समर्थक एक प्रश्न हमखास पुढे करतात : अरण्यातून फुकट वाहून जाणारे पाणी राष्ट्राच्या कामी लावले, यात वावगे काय? या प्रश्नाचे उत्तर नदीच्या भूगोलातच आहे.

मातो ग्रोसोच्या पठारावर उगम पावून शिंगू उत्तरेस ॲमेझॉनला मिळते. आल्तामिरा शहराच्या पुढे ती शंभराहून अधिक किलोमीटरांचे मोठे वळण घेते आणि खडक, बेटे व खळाळत्या धारा यांतून खूप खाली उतरते. पावसाळ्यात प्रवाह कोरड्या महिन्यांच्या अनेक पटींनी फुगतो. काठची अरण्ये पाण्याखाली जातात. मासे तेथे शिरून अंडी घालतात, गळून पडलेली फळे खातात. जुरुना व अरारा आदिवासींचे आणि काठच्या मच्छीमारांचे अन्न या पुरावर अवलंबून आहे. सत्तेच्या हिशेबात जे पाणी वाया जाते, तोच कष्टकऱ्यांचा हंगाम असतो.

प्रकल्पाने या वळणाचाच घास घेतला. पिमेंताल येथे अडवलेले पाणी कालव्याने थेट जनित्रांकडे नेले जाते. वळणाचा ८० टक्क्यांपर्यंत प्रवाह त्यात हिरावला जातो. एवढे करून साधले काय? स्थापित क्षमता ११,२३३ मेगावॅट. परंतु नदी दरवर्षी ओसरते, म्हणून सरासरी निर्मिती तिच्या निम्म्याहूनही कमी. दोन हजार किलोमीटरांहून लांब वाहिन्या ही वीज आग्नेय ब्राझीलकडे नेतात. हजारो कुटुंबे मात्र विस्थापित झाली.

१९८९ साली आल्तामिराच्या मेळाव्यात कायापो जमातीच्या तुइराने वीज कंपनीच्या अधिकाऱ्याच्या गालाला कोयत्याचे पाते लावले, तेव्हा ही योजना मागे पडली होती. तिला मूर्त रूप दिले ते कामगारांचे नाव धारण करणाऱ्या पक्षाच्या राजवटीने. आदिवासी भूमीवरील जलविद्युत् योजनेस मंजुरी देण्यापूर्वी तेथील समाजाचे म्हणणे ऐकावे, असे १९८८ची ब्राझीलची राज्यघटना सांगते. संसदेने २००५ साली ते न ऐकताच मंजुरी दिली. २०१० साली परवाना निघाला, २०११ साली बांधकाम सुरू झाले आणि २०१६ साली वीज वाहू लागली.

समाजवादाची कसोटी येथेच लागते. धरण खाजगी भांडवलाचे की सरकारचे, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ज्यांचे जगणे नदीच्या चढउतारावर बेतलेले आहे, त्यांच्या संमतीवाचून नदी वळवणारी सत्ता कोणत्याही रंगाचा झेंडा फडकवो, ती लुटीचाच कारभार चालवते. वळणात पुरेसा पूर पुन्हा सोडला जावा, ही शिंगूकाठची मागणी दयेची याचना नव्हे. तो हक्क आहे, आणि त्याच्या बाजूने उभे राहणे हे प्रत्येक समाजवाद्याचे कर्तव्य आहे.